टिपणे : एका लहान भिंगाचा नीतिविचार

१

मराठी माणूस छायाचित्र ‘काढतो’, ‘घेतो’ आणि ‘टिपतो’. पहिली दोन क्रियापदे रोजच्या व्यवहारातली आहेत. तिसरे मात्र थांबून विचार करायला लावणारे आहे. पाखरू अंगणातले दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, आणि आई पदराने मुलाचे डोळे टिपते. उपजीविका, हिंसा आणि सांत्वन या तीन एकमेकींपासून दूरच्या कृती भाषेने एकाच क्रियापदात सामावून घेतल्या आहेत. अनोळखी माणसाला भर रस्त्यात, त्याच्या नकळत छायाचित्रात टिपणारा माणूस यांपैकी कोणत्या अर्थाने टिपत असतो, हा प्रश्न वस्तुतः नीतिशास्त्राचा आहे. तो भाषेच्या दारातून आत येतो, एवढेच.

या प्रकाराला रस्त्यावरचे छायाचित्रण असे म्हटले जाते. त्यात प्रसंग रचलेला नसतो, माणसे मुद्दाम उभी केलेली नसतात. छायाचित्रकार तेथे नसता तरी जे जसे घडले असते, ते तसेच पकडण्याची त्यात आकांक्षा असते. ही अट पाळावयाची तर छायाचित्रकाराने आपले अस्तित्व जाणवू देता कामा नये. म्हणून या वाटेवरची अनुभवी मंडळी नवशिक्याला पहिला उपदेश करतात तो असा, की मोठे झूम भिंग घरी ठेवावे आणि एखादे लहान ‘प्राइम’ भिंग घेऊन बाहेर पडावे. प्राइम भिंग म्हणजे ज्याचे नाभीय अंतर बदलत नाही असे भिंग. झूम भिंगाप्रमाणे ते दूरचे दृश्य जवळ ओढू शकत नाही. जवळचे हवे असेल तर छायाचित्रकाराला स्वतःच्या पायांनी चालत जावे लागते. रचना साधी असल्यामुळे त्याचा आकार आटोपशीर ठेवता येतो. कॅनन कंपनीने २०१२ साली बाजारात आणलेले ४० मि.मी.चे भिंग जेमतेम २३ मि.मी. जाडीचे आणि १३० ग्रॅम वजनाचे होते. फूजीफिल्मच्या २०१३ सालच्या २७ मि.मी.च्या भिंगाचे वजन तर केवळ ७८ ग्रॅम होते. वृत्तछायाचित्रकारांच्या हाती दिसणारे ७० ते २०० मि.मी.चे झूम भिंग याच्या तुलनेत दीड किलोच्या घरात जाते.

उपदेश योग्यच आहे. त्याच्या समर्थनार्थ जे कारण दिले जाते ते मात्र अपुरे आहे. ‘भिंग लहान असले म्हणजे कोणाच्या लक्षात येत नाही’ हे कारण खिसेकापूलाही पटण्यासारखे आहे. लहान भिंगाच्या बाजूने याहून अधिक प्रतिष्ठित असे काही कारण आहे काय, आणि असल्यास त्यामुळे भिंगाची निवडच बदलते काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

२

अशा विचाराला एखादे निश्चित ठिकाण असावे लागते. नाहीतर तो हवेत तरंगत राहतो. छत्तीसगडमधील भिलाईचे सिविक सेंटर त्या दृष्टीने सोयीचे आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि १९५६ पर्यंत ज्या प्रांतात दुर्ग जिल्हा मोडत असे त्याची राजधानी नागपूर हीच होती. भिलाईचा पोलाद कारखाना मात्र नव्या काळाचे अपत्य. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यापाठोपाठ सेक्टरांत आखलेली वसाहत उभी राहिली, आणि त्या वसाहतीचे बाजाराचे व भेटीगाठींचे ठिकाण म्हणून सिविक सेंटर. ज्यांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले ते छत्तीसगडी शेतकरी सोडले, तर येथला प्रत्येकजण कोठून तरी आलेला. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, विदर्भ अशा नाना प्रांतांतल्या माणसांना एकमेकांसमोर वावरण्याची रीत येथे नव्याने घडवावी लागली. गावातल्या पारावर परका माणूस लगेच ओळखू येतो. सिविक सेंटरमध्ये सगळेच थोडेथोडे परके असतात. रस्त्यावरच्या छायाचित्रणाला हवी असते ती अनोळखी माणसांची गर्दी येथे गावाच्या घडणीतच आहे.

समजा, अशा ठिकाणी संध्याकाळच्या सुमारास एक छायाचित्रकार उभा आहे. समोर बाकावर पाळी संपवून आलेला एक कामगार बसला आहे. त्याने सायकल टेकवून ठेवली आहे, डबा मांडीवर घेतला आहे, आणि दोन्ही तळहातांत क्षणभर चेहरा झाकून घेतला आहे. आजूबाजूला दुकानांचे दिवे लागत आहेत. चित्र पूर्ण आहे. ते कोणत्या भिंगाने घ्यावे?

येथे थोडे गणित पाहणे आवश्यक आहे, कारण ते नीतीपासून दिसते तितके दूर नाही. छत्तीस गुणिले चोवीस मि.मी.च्या प्रचलित चौकटीत उभा माणूस, डोक्यावर व पायांखाली थोडी जागा सोडून, म्हणजे सुमारे दोन मीटरांचे दृश्य उभ्या चौकटीत बसवावयाचे, असे धरले तर २८ मि.मी.च्या भिंगाने छायाचित्रकाराला साधारण दीड मीटरवर जावे लागते. ३५ मि.मी.च्या भिंगाने तेच अंतर जवळपास दोन मीटर होते, ५० मि.मी.ने पावणेतीन मीटर, ८५ मि.मी.ने पावणेपाच मीटर, आणि २०० मि.मी.ने अकरा मीटर. अर्थात, भिंगाचे नाभीय अंतर ठरवणे म्हणजे छायाचित्रकार आणि माणूस यांच्यामधले अंतर ठरवणे होय. एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात माणसांमधल्या अंतरांचे वर्गीकरण केले आहे. त्यात सुमारे सव्वा ते साडेतीन मीटरांचा पट्टा हा अपरिचितांच्या सभ्य व्यवहाराचा, बोलण्याचालण्याचा पट्टा म्हणून दाखवला आहे. ही मापे सर्व समाजांना सारखी लागू पडत नाहीत, हे हॉललाही मान्य होते; परंतु पस्तीस, चाळीस आणि पन्नासची भिंगे या पट्ट्यात पडतात आणि दोनशेचे भिंग त्याच्या पार बाहेर पडते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन मीटरांवरून हाक ऐकू येते, भुवई उंचावलेली दिसते, ‘काय हो, कशाला काढला फोटो?’ असे विचारता येते. अकरा मीटरांवरून यांपैकी काहीच शक्य नसते.

दुसरी गोष्ट दृश्याच्या व्याप्तीची. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेत अर्जुनाला झाड, फांद्या, भाऊ यांपैकी काहीच दिसत नव्हते. दिसत होता तो केवळ पक्ष्याचा डोळा. धनुर्धराला ही एकाग्रता शोभून दिसते. दोनशे मि.मी.चे भिंग अर्जुनासारखे पाहते. ते माणसाला त्याच्या जगापासून कापून घेते. पस्तीसचे भिंग जे भाऊ ‘नापास’ झाले त्यांच्यासारखे पाहते. त्याला सायकल दिसते, डबा दिसतो, दिवे लागलेले दुकान दिसते. छायाचित्रातला कामगार थकलेला आहे एवढेच न कळता तो कोठे, कशाजवळ, कोणत्या वेळी थकला आहे हेही कळते. पक्षी मारावयाचा असेल तर अर्जुन बरोबर होता. झाड समजून घ्यावयाचे असेल तर इतर भाऊ बरोबर होते.

३

तरीही आक्षेप उरतोच. अंतर दोन मीटर असो की अकरा, बाकावरच्या माणसाला विचारलेले नाही. भिंग लहान असल्यामुळे त्याला कळलेही नाही. न कळवता टिपणे हे लपून बाण मारण्याहून वेगळे कसे?

हा प्रश्न भारतीय परंपरेत फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि तो विचारणारा वाली आहे. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेला असताना लपून मारलेल्या बाणाने कोसळलेला वाली रामाला जाब विचारतो: मी तुझ्याशी लढत नव्हतो, तू समोर नव्हतास, मग हा कुठला धर्म? रामाच्या उत्तरात अनेक मुद्दे आहेत. त्यांतला एक, ज्याने टीकाकारांना सतत अस्वस्थ केले आहे, तो असा की मृगयेत माणसे जनावरांना लपून, फासे टाकून मारतातच, आणि वाली हा वानर आहे. या युक्तिवादाची योग्यायोग्यता हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत विवेचनासाठी त्यातले तर्कशास्त्र महत्त्वाचे आहे. लपून मारणे समर्थनीय ठरावयाचे तर समोरचा आधी सावज ठरावा लागतो. लपणे आणि समोरच्याला सावज मानणे या दोन गोष्टी एकमेकींच्या हात धरून येतात.

छायाचित्रणाच्या इतिहासात लपण्याचे प्रयोग थोरांनी केले आहेत. पॉल स्ट्रँडने १९१६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर घेतलेल्या चित्रांसाठी कॅमेऱ्याच्या एका बाजूला खोटे भिंग बसवले होते. लोकांना वाटे, तो दुसरीकडेच पाहत आहे. त्या मालिकेतले सर्वांत प्रसिद्ध चित्र एका अंध स्त्रीचे आहे. तिच्या गळ्यात ती अंध असल्याची पाटी आहे. जिला पाहताच येत नाही तिच्यासमोर खोट्या भिंगाचा कॅमेरा, यातला विरोधाभास चित्राच्या थोरवीला बाध आणत नाही. पण चित्र पाहणाऱ्याच्या मनातून तो जातही नाही. वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा दडवून, दोन बटणांमधून भिंग बाहेर डोकावेल असा बेत करून समोरच्या बाकावरच्या प्रवाशांची चित्रे घेतली. कॅमेऱ्याचा चकाकता भाग त्याने काळा केला होता. चित्रे विलक्षण आहेत. कोणी पाहत नाही असे वाटत असताना माणसाच्या चेहऱ्यावरून मुखवटा उतरतो, आणि त्याखालचा शीण, एकाकीपणा, निरागसपणा वर येतो. तो एव्हान्सला मिळाला. तथापि ही चित्रे पुस्तकरूपाने येण्यास १९६६ साल उजाडावे लागले. माणसे ओळखू येण्याची शक्यता काळाने पुसट होईपर्यंत एव्हान्स थांबला, आणि आपल्या या कृतीविषयी त्याने हेरगिरीच्या व पश्चात्तापाच्या भाषेतच लिहिले. कलावंताच्या विवेकाने आपणहून भरलेला हा दंड होता, असे म्हणता येईल.

आँरी कार्तिए-ब्रेसाँची गोष्ट याच मार्गावरची, परंतु वेगळी. लायका हा १९२५ साली आलेला खिशात मावणारा कॅमेरा आणि ५० मि.मी.चे लहान भिंग ही त्याची आयुष्यभराची सामग्री. चकाकणाऱ्या भागांवर तो काळी पट्टी चिकटवत असे. तो लपत नसे. तो माणसांमध्ये वावरत असे, मात्र लक्ष वेधून घेत नसे. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, तो गांधीजींना भेटला होता आणि आपल्या चित्रांचे पुस्तक त्याने त्यांना दाखवले होते. १९५२ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी नाव ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचे आहे आणि तेच जगभर रूढ झाले. मूळ फ्रेंच नावातला वाक्प्रचार मात्र परवान्याशिवाय माल विकणाऱ्या, पोलीस दिसताच गाशा गुंडाळणाऱ्या फेरीवाल्याच्या व्यवहारातून आलेला आहे. ‘निर्णायक क्षण’ म्हटले की छायाचित्रकार क्षणाचा स्वामी होतो. ‘घाईघाईने, परवान्याशिवाय’ म्हटले की तो रस्त्यावरच्याच माणसांपैकी एक होतो, आणि आपल्यापाशी परवाना नाही याची त्याला जाणीव असते. इंग्रजी शीर्षकाने ही जाणीव पुसून टाकली. रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या नीतीची सुरुवात कदाचित तिच्यापासूनच व्हावी.

४

लपणे आणि न खुपणे यांतला हा भेद भिलाईसारख्या ठिकाणी केवळ तात्त्विक राहत नाही. लायकाची पहिली मोठी सोव्हिएत प्रतिकृती १९३४ पासून खारकिव्ह येथे तयार होऊ लागली. ती बनवत होती अनाथ व भटक्या मुलांची एक श्रमवसाहत, शिक्षणतज्ज्ञ माकारेन्को यांच्या कार्याशी जोडलेली. कॅमेऱ्याचे नाव ‘फेड’. ही तीन अक्षरे फेलिक्स एड्मुंडोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे आहेत, आणि झेर्झिन्स्की हा सोव्हिएत गुप्त पोलीसदलाचा संस्थापक. मुलांच्या हातांनी घडलेल्या, लहानशा भिंगाच्या, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या कॅमेऱ्यावर हेरखात्याच्या प्रमुखाचे नाव असावे, हा इतिहासाने केलेला विनोद नाही. तो वस्तूच्या स्वभावात दडलेल्या दोन शक्यतांचा उल्लेख आहे. मराठीत ‘हेरणे’ या क्रियापदालाही असेच दोन अर्थ आहेत. रसिक गुण हेरतो, आणि हेर माणूस हेरतो.

सिविक सेंटरच्या बाकावर बसलेला कामगार ज्या गावात राहतो, त्या गावात २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलै १९९२ रोजी रेल्वेरुळांवर बसलेल्या आंदोलक कामगारांवर पोलिसांचा गोळीबार होऊन पंधराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. ज्या गावाच्या आठवणीत अशा तारखा आहेत तेथे चेहरा टिपला जाणे ही निरुपद्रवी बाब असेलच असे नाही. निदर्शनातला, सभेतला, कोणाशेजारी बसलेला चेहरा नोकरीवर बेतू शकतो. छायाचित्रकाराचा हेतू शुद्ध असला तरी चित्र एकदा हातून सुटले की ते हेतू बरोबर घेऊन जात नाही.

या ठिकाणी साहित्याशी तुलना उद्बोधक ठरते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी व्यक्तिचित्रणाला तिने नवे वळण दिले. तीही टिपलेली माणसे आहेत. परंतु लेखकाला नाव बदलता येते, दोन माणसांचे एक करता येते, वेळ जाऊ देता येतो. मुख्य म्हणजे शब्दांत उतरताना माणूस लेखकाच्या मनातून गाळून येतो, आणि वाचकालाही ते ठाऊक असते. छायाचित्राला ही मुभा नाही. त्यातला चेहरा त्याच माणसाचा असतो, दुसऱ्या कोणाचा होऊ शकत नाही. साधारणीकरणाची जी प्रक्रिया संस्कृत काव्यशास्त्राने रसास्वादाचा पाया मानली, ती छायाचित्रात नेहमी अर्धवट राहते. थकलेल्या कामगारात प्रेक्षकाला मनुष्यमात्राचा थकवा दिसतो हे खरे. परंतु त्या कामगाराच्या बायकोला त्यात आपला नवराच दिसतो. दोन्ही पाहणी खरी आहेत, आणि पहिलीच्या मोठेपणाने दुसरी रद्द होत नाही.

कायद्याची मदत येथे मर्यादित आहे. फिलिप-लोर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लपवलेल्या दिव्यांच्या साहाय्याने, दूर उभे राहून, जाणाऱ्यायेणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांतल्या एका वृद्ध धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थांनी, आपल्या धर्मश्रद्धेला हे मंजूर नाही म्हणून दावा केला. २००६ साली न्यायालयाने कलेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पक्ष उचलून धरला आणि दावा फेटाळला. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माणूस सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्यावरून त्याचे खाजगीपण संपत नाही, असा विचारही त्या निकालपत्रात आला आहे. पहिल्या निर्णयाने छायाचित्रकाराला काय करता येते ते सांगितले. दुसऱ्याने चित्रातल्या माणसापाशी काय शिल्लक राहते त्याची आठवण दिली. यांच्यामधली जागा कायद्याने भरून निघणारी नाही. ती विवेकाचीच जागा आहे.

शिवाय काळही बदलला आहे. कार्तिए-ब्रेसाँच्या वेळी अनोळखी चेहरा चित्रातही अनोळखीच राहत असे. आता यंत्रे चेहरे ओळखतात, आणि प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आवाज न करणारे लहान रुंद भिंग असते. न दिसण्याची कला दुर्मिळ होती तेव्हा तिला थोडे कौतुक लाभले. आज ती सर्वांनाच साधली आहे, आणि म्हणून तिच्यात कौतुकासारखे काही उरलेले नाही.

५

मग रस्त्यावरचे छायाचित्रण सोडून द्यावे काय? प्रत्येकाला आधी विचारूनच चित्र घ्यावे, असा एक सरळ नियम सुचवला जातो. त्यामागची सद्भावना आदरणीय आहे. पण तो नियम जो पाळील त्याच्या हाती बहुतेक वेळा सावरून बसलेली माणसेच येतील. चेहरा तळहातांत झाकलेला क्षण विचारताच नाहीसा होतो. समाज आपले सणसमारंभातले, केस विंचरलेले रूपच तेवढे जपून ठेवू लागला, तर त्याच्या आठवणीत श्रम, कंटाळा, वाट पाहणे यांना जागा उरणार नाही. मुंबईत, मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी चित्रे घेतली (२०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली), ती पाहिल्याशिवाय शहराला आपला पायाच दिसला नसता. मात्र ओलवे यांचे ते काम चोरट्या नजरेचे नाही; ते त्या माणसांच्या सहवासातून आलेले आहे. सहवासाला वेळ लागतो, आणि रस्त्यावर एकदाच दिसलेल्या माणसाबाबत तो मिळत नाही. परंतु त्या सहवासाचा एक अंश क्षणभराच्या भेटीतही आणता येतो. तो अंश म्हणजे उत्तरदायित्व: विचारले गेल्यास तेथे असणे.

रामकथेतील त्या प्रसंगाचा उत्तरार्ध येथे आठवतो. बाण मारल्यावर राम निघून जात नाही. तो पडलेल्या वालीजवळ जातो, त्याचा आरोप पूर्ण ऐकून घेतो आणि उत्तर देतो. त्या उत्तराने कोणाचे समाधान होते, कोणाचे होत नाही. परंतु जाब विचारण्याचा वालीचा अधिकार वाल्मीकींनी त्याच्यापासून काढून घेतलेला नाही.

या प्रकाशात पाहिले तर लहान भिंगाच्या निवडीचे निकष वेगळे लागतात. लहानपणाचा खरा लाभ हा की ते दरारा निर्माण करत नाही. दीड किलोचे भिंग रोखले गेले की समोरचा माणूस एक तर ताठरतो, नाहीतर दबतो. तळहातावर मावणारे भिंग त्याला आपल्या बरोबरीच्या माणसाच्या हातातले साधन वाटते. हा लाभ अदृश्यतेचा नाही, समानतेचा आहे. नाभीय अंतराबाबतही तसेच. २८ मि.मी.चे भिंग दीड मीटरपर्यंत, आणि चेहरा मोठा हवा असेल तर त्याहूनही जवळ, घुसायला लावते. इतक्या जवळून नाक-कपाळ विद्रूप होतात आणि माणसाचा अवकाशही मोडतो. ८५च्या पुढची भिंगे माणसाला हाकेच्या बाहेर ठेवू लागतात. ३५ आणि ४० मि.मी. ही मापे संभाषणाच्या अंतराशी जुळतात. पन्नासचे भिंग थोडे भिडस्त, पण त्याच पंक्तीतले. ३५ मि.मी.चे भिंग एफ ८ या छिद्रमापावर ठेवून अडीच मीटरांवर केंद्रित केले, तर सुमारे पावणेदोन मीटरांपासून जवळजवळ पाच मीटरांपर्यंतचे सारे स्पष्ट येते. पन्नासच्या भिंगाला हाच पट्टा दोन ते सव्वातीन मीटर एवढाच मिळतो. म्हणजे पस्तीसच्या भिंगाने डोळा कॅमेऱ्याला न लावता, केंद्र जुळवत न बसता, समोरच्याकडे माणसासारखे पाहत चित्र घेता येते.

या निवडीची किंमतही मोजावी लागते. एफ २.८ छिद्रमापाचे चपटे भिंग एफ १.४च्या भिंगापेक्षा एक चतुर्थांशच प्रकाश आत घेते. सिविक सेंटरमध्ये दिवे लागल्यावर ही उणीव जाणवू लागते. काही चित्रे हलतात, काही दाणेदार येतात, काही येतच नाहीत. मोठ्या छिद्राचे भिंग घेतले तर प्रकाश मिळतो, पण आकार आणि दरारा परत येतो. जी चित्रे हातची जातील ती जाऊ देण्याची तयारी हा या निवडीचाच भाग आहे. सगळेच टिपता आले पाहिजे, ही इच्छा शिकाऱ्याची आहे.

बाकावरचा कामगार तळहातांतून चेहरा वर काढतो. छायाचित्रकार दोन मीटरांवर उभा आहे. त्याने चित्र घेतलेले आहे. दोघांची दृष्टादृष्ट होते. छायाचित्रकाराने आता वळून गर्दीत मिसळावे, किंवा तेथेच थांबून कॅमेरा खाली करावा, मान लववावी, विचारल्यास चित्र दाखवावे, आणि ‘नको’ म्हटल्यास ते पुसून टाकावे. भिंगाने त्याला येथवर, बोलण्याच्या अंतरापर्यंत, आणून सोडले आहे; पुढचे काम भिंगाचे नाही. तो तेथे किती वेळ उभा राहतो यावरून त्याने सावज टिपले, दाणा टिपला की कोणाचे डोळे टिपले, ते ठरेल.